कीटकनाशकांवरील धोकासूचक चिन्हे

कीटकनाशके, तणनाशके इ. विषारी द्रव्यांच्या वेष्टनावर त्यांच्या विषारीपणाची तीव्रता व घ्यावयाची काळजी दर्शविण्यासाठी कायद्याने सक्तीची केलेली खूण व मजकूर. वाशिम जिल्ह्यात (१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला) विषारी रसायनांशी बहुसंख्यांचा संबंध कारखान्यात नव्हे, तर सोयाबीन, तूर व कापूस यांच्या शेतात येतो. तेथे ही खूण हीच बहुधा एकमेव सूचना असते.

भारतात १९५८ साली पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत खाद्यपदार्थांत मिसळल्याने केरळात व मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून कीटकनाशक अधिनियम (१९६८) व त्याखालील नियम (१९७१) तयार झाले. या नियमांनुसार वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन छापतात. त्याच्या वरच्या त्रिकोणात सावधगिरीचा शब्द व खालच्या त्रिकोणात ठराविक रंग असतो. वर्गवारी अर्धमारक मात्रेवरून ठरते; म्हणजे प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती, शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे मिग्रॅ. मध्ये मोजलेली मात्रा. पोटात गेल्यास ती १ ते ५० असेल तर रंग तांबडा व सोबत कवटी आणि हाडे. ५१ ते ५०० असल्यास पिवळा. ५०१ ते ५,००० असल्यास निळा व त्यापुढे हिरवा. तांबड्या व पिवळ्या रंगांसोबत ‘विष’, निळ्यासोबत ‘धोका’ व हिरव्यासोबत ‘सावधान’ या अर्थाचा शब्द असतो. आकडा जितका लहान तितके विष जहाल, हे ध्यानात न घेतल्यास वाचणाऱ्याचा उलटाच समज होतो.

हिरवा रंग निर्धोकपणाचा नव्हे. खाद्यपदार्थांवरील शाकाहारदर्शक हिरव्या ठिपक्याशी त्याचा काही संबंध नाही. रंगावरून केवळ तत्काळ होणाऱ्या विषबाधेचा अंदाज येतो. उतारा आहे की नाही, हे रंग सांगत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक अर्धमारक मात्रेनुसार पिवळ्या गटात मोडते, परंतु त्यावर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही. उलट तांबड्या गटातील मोनोक्रोटोफॉससारख्या फॉस्फरसयुक्त विषांवर ॲट्रोपीन वेळेवर दिल्यास रोगी वाचू शकतो. म्हणून सोबतचे माहितीपत्रक आणि रिकामी बाटली रोग्याबरोबर रुग्णालयात नेणे अगत्याचे असते. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय वैद्याचा बहुमोल वेळ तर्क करण्यात जातो.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावरील फवारणीत सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पीक माणसाच्या उंचीपर्यंत वाढले होते, त्यामुळे तुषार तोंडावर व छातीवर येत. हवा दमट व उष्ण होती आणि अनेक ठिकाणी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती. मिश्रणाचा रंग कोणत्याही बाटलीवर छापलेला नसतो. शिवाय औषध विकत घेणारा आणि पंप पाठीवर घेणारा या बहुधा दोन भिन्न व्यक्ती असतात. बाटली मालकाच्या घरी वा बांधावर राहते. मजुराच्या पाठीवरील पंपावर चिन्ह नसते. पत्रकातील बारीक अक्षर वाचण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे व्यर्थ आहे, तेव्हा ते त्याला तोंडी सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर व मालकावरच येते. अतिघाम, लाळ सुटणे, अंधुक दिसणे, मळमळ व बाहुल्या बारीक होणे ही फॉस्फरसयुक्त विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच काम थांबवून, कपडे उतरवून व अंग साबणाने धुऊन रुग्णालय गाठावे.

कारखान्यांत व गोदामांत आढळणारी चिन्हे वेगळी असतात. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पद्धतीत तांबड्या कडेच्या पांढऱ्या चौकोनात ज्योत, कवटी, गंज इ. नऊ आकृत्या असतात. तेथे तांबडी कड सर्वच चिन्हांना असते. ती तीव्रतेची निदर्शक नसल्याने दोन्ही पद्धतींतील रंगांची गल्लत करू नये.