रात्रीची अंगाची आग : कारणे व उपाय

पाळी जाण्याच्या सुमारास, म्हणजे बहुधा ४५ ते ५५ या वयात, अनेक माता-भगिनींना अंथरुणावर पडताच छातीतून गरम वाफ वर चढल्यासारखी वाटते, घाम फुटतो व झोप मोडते. ही बाहेरची बाधा नव्हे, हे आम्ही प्रथम सांगू इच्छितो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते. थोडी उष्णताही त्याला जास्त वाटते व ते घाम आणते. आपल्या बोळिंजच्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही.

सैल सुती कपडे व पातळ चादर वापरावी. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा. रात्री तिखट, चहा व मिश्री टाळावी. त्रास फार असल्यास डॉक्टरांना दाखवावे. संप्रेरकांच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

मात्र रात्रीचा प्रत्येक घाम पाळीचा नसतो. सोबत दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप किंवा वजन घटणे असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पाळी १२ महिने बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाल्यास लगेच दाखवावे.

विद्यार्थी मित्रांनी हे आपल्या आईला वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.