कोडेकाराचा करारनामा

माणसाने माणसाला फसवावे आणि फसलेल्याने रागावण्याऐवजी फसवणाऱ्याची पाठ थोपटावी, असा व्यवहार जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो. त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे इंग्लंडातील दैनिकांत नित्य छापली जाणारी काळ्यापांढऱ्या घरांची चौकट होय. शब्दकोडे मराठी वाचकाला अपरिचित नाही. रविवारच्या पुरवणीत ‘समुद्र (३)’ असे विचारलेले असावे आणि आपण ‘सागर’ लिहून मोकळे व्हावे, हा आपला जुना परिपाठ आहे. परंतु इंग्रज ज्याला ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’ म्हणतो, आणि ज्याला आपण येथे कूटकोडे म्हणू, त्याची जातकुळी निराळी. त्यात माहितीची परीक्षा थोडी आणि वाचण्याच्या सवयीची परीक्षा फार. कारण त्यातील संकेत एखाद्या साध्यासुध्या वाक्यासारखा भासतो, आणि त्या वाक्याच्या उघड अर्थामागे जो धावला तो हमखास आडवाटेला लागतो.

शब्दकोड्याचा जन्म मात्र इंग्लंडात झालेला नाही. मूळच्या लिव्हरपूलच्या आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात पहिली चौकट छापली, आणि हे खूळ पुढील दशकात समुद्र ओलांडून ब्रिटनला पोहोचले. नुसते प्रतिशब्द विचारून तेथील शिकल्यासवरल्या वाचकाचे समाधान होईना, तेव्हा त्याच्या बुद्धीला खरे आव्हान दिले ते एडवर्ड पॉइस मॅथर्स याने. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे मुक्त इंग्रजी रूपांतर करणारा हा रसिक कवी १९२६ पासून १९३९ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात कोडी रचीत असे, आणि टोपणनाव म्हणून त्याने उचलले ते टॉर्केमाडा, म्हणजे स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या कर्दनकाळ प्रमुखाचे! त्याच्या गादीवर आलेला डी. एस. मॅकनट हा ग्रीक-लॅटिनचा शिक्षक त्याच परंपरेतला झिमेनेस झाला. आणि १९७२ मध्ये त्या जागी बसलेल्या जोनाथन क्राउदरने देझा नामक आणखी एका धर्माधिकाऱ्याची इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने मांडून ‘अझेड’ हे नाव धारण केले. ‘टाइम्स’सारख्या कर्मठ पत्रालाही १ फेब्रुवारी १९३० रोजी आपली कवाडे कोड्यासाठी उघडावी लागली.

नावे अशी छळवाद्यांची असली तरी या मंडळींचा कारभार कायदेशीर असतो, हे ध्यानी घेतले पाहिजे. कूटसंकेताचे सामान्यतः दोन भाग असतात: एका टोकाला उत्तराची सरळ व्याख्या, आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरांच्या जुळणीने सिद्ध करण्याची युक्ती. यांतील सांधा कोठे आहे हे मात्र कोडेकार सांगत नाही. तो लपवणे हीच त्याची करामत. मासल्यादाखल इंग्रजीतला एक प्रसिद्ध संकेत घ्यावा. ‘एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ (५)’ एवढीच अक्षरे छापलेली असतात, आणि उत्तर असते ‘वॉटर’. कारण ही मालिका ‘एच टू ओ’, म्हणजे एचपासून ओपर्यंत आहे, आणि पाण्याचे रासायनिक सूत्र उच्चारताना तेच ध्वनी कानी पडतात.

तीच रीत मराठीला लावून पाहू. ‘शाबासकीनंतर पुरुष झाला सेतू बांधणारा (३)’ हे वाक्य वाचताच एखादा गुणी, पण आजवर उपेक्षित असा अभियंता डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि कोडेकाराला नेमके तेच हवे असते. आता वाक्य मोडून पाहावे. शाबासकी म्हणजे ‘वा’. तिच्यानंतर पुरुष म्हणजे ‘नर’. ‘झाला’ हा केवळ सांधा. आणि सेतू बांधणारा कोण, तर ‘वानर’. ‘नदी उलटली की गरीब (२)’ येथे महापुराचे चित्र विसरून नदीची अक्षरेच उलटावी, म्हणजे ‘दीन’ हाती लागतो. ‘दिवसा गरजताना आत लपलेला समुद्र (३)’ यात पहिल्या दोन शब्दांच्या सांध्यावर ‘सागर’ उघड्यावर पडलेला आहे. आणि ‘सरकारला द्यावाच लागणारा हात (२)’ या संकेतात दोन व्याख्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत, उत्तर ‘कर’. रोमन लिपीत स्वर सुटे असल्यामुळे अक्षरांची उलटापालट तेथे विपुल चालते. आपल्या लिपीत काना-मात्रा व्यंजनाचा पदर सोडीत नाहीत, त्यामुळे त्या युक्तीला वाव कमी. परंतु संधी, समास आणि श्लेष यांची जी दौलत आपल्याजवळ आहे, तिच्यापुढे ही उणीव किरकोळच म्हटली पाहिजे.

तथापि उत्तर सापडले म्हणजे प्रकरण निकालात निघाले, असे समजणारा मनुष्य या छंदाचा अर्धाच धनी होय. खरा रंग भरतो तो चार जाणकार एकत्र बसून संकेताची छाननी करू लागतात तेव्हा. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे उपयोग सांगताना विनोदगोष्ठींना अग्रस्थान दिले आहे, ते उगीच नव्हे. वरच्या ‘वानरा’चेच उदाहरण घ्या. एक जण फिर्याद मांडील की सेतू बांधणारा तर नल. दुसरा कोडेकाराच्या वतीने उत्तर देईल की कंसातील तीनच्या आकड्याने नल आपोआप खारीज झाला, शिवाय बांधकामाला अवघी वानरसेना राबली होती. तिसरा हरकत घेईल की ‘झाला’ हा शब्द युक्तीच्या कामाचा नाही, तो निव्वळ सजावटीसाठी आला आहे. आणि चौथा निवाडा करील की युक्तीपासून व्याख्येकडे नेणारा दुवा म्हणून तो शब्द मान्य आहे. उत्तर एव्हाना सर्वांच्या चौकटीत लिहून झालेले असते. वाद चाललेला असतो तो इनसाफाचा.

या इनसाफाची कलमे ठरवण्याचे श्रेय ए. एफ. रिची आणि मॅकनट यांच्याकडे जाते. रिचीने १९४९ मध्ये असे बजावले की कोडेकाराने आपला आशय वाटेल तितका झाकावा, पण छापलेल्या शब्दांतून तो न्यायाने निघालाच पाहिजे. मॅकनटने १९६६ च्या आपल्या ग्रंथात याच तत्त्वाची सविस्तर संहिता केली: व्याख्या नेमकी हवी, युक्ती रास्त हवी आणि फालतू शब्द एकही नको. एवढ्यावर न थांबता तो वाचकांना एखादा शब्द देऊन त्यावर स्वतः संकेत रचावयास सांगे, आणि आलेल्या संकेतांचे गुणदोष एका छापील पत्रकातून सभासदांना कळवी. अझेडनेही तो प्रघात चालू ठेवला, त्यामुळे सोडवणारे आणि रचणारे यांच्यातील भिंत जवळजवळ उरली नाही.

मॅकनटचे कायदे सर्वांनीच शिरसावंद्य मानले असे मात्र नाही. १९५८ पासून ‘गार्डियन’मध्ये कोडी रचणारे आणि पुढे ‘अरॉकेरिया’ या नावाने ओळखले गेलेले धर्मोपदेशक जॉन ग्रॅहम हे उदार पंथाचे अध्वर्यू. वाचकाला मौज वाटली आणि उत्तर निःसंशय पटले, तर कलमाचा काटेकोरपणा थोडा ढिला झाला तरी चालेल, अशी त्यांची वृत्ती. आणि कर्मठ व उदार या दोन पक्षांतील वाद आजही जाणकारांच्या बैठकीत रंगतो. याच ग्रॅहम यांनी जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे वर्तमान वाचकांना कळवले ते कोड्यातूनच: रोगाचे नाव, अवयव आणि उपचाराचा प्रकार ही सारी चौकटीतील उत्तरे होती. ज्यांनी ती घरे भरली त्यांना आपल्या हातानेच ती वार्ता लिहावी लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते वारले.

भारतातही हा छंद रुजला आहे. ‘द हिंदू’ दैनिकाने १९७१ मध्ये स्वतःचे कूटकोडे सुरू केले, तेव्हा ते रचण्याची जबाबदारी घेतली ती नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख राम दास कटारी यांनी. ही परंपरा इंग्रजीतली असली, तरी व्यासांनी गणपतीची लेखणी अडवण्यासाठी कूटश्लोक रचले अशी कथा सांगणाऱ्या समाजाला तिचे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. उणीव आहे ती चार जणांनी जमून संकेत रचण्याची आणि त्यांचा निर्दयपणे कीस काढण्याची. त्या कामी मुहूर्त म्हणून एक संकेत वाचकांच्या हवाली करतो: ‘आजीपुढे जंगल आयुष्यभर (४)’. उत्तर कठीण नाही. मात्र ‘पुढे’ म्हणजे आधी की नंतर, आणि कोडेकाराने तो शब्द वापरला तो न्यायाने की लबाडीने, याचा फैसला एकट्याने करू नये.