टाकी तुडुंब, थेंबाला उशीर

प्लॅन शंभर एमबीपीएसचा, स्पीड टेस्टमध्ये आकडाही पुरा. मग व्हिडिओ कॉलवर आवाज का तुटतो? छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत घरबसल्या क्लास करणाऱ्या मुलांना पडणाऱ्या या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्याला पाण्यानं केव्हाच शिकवलंय. एप्रिल 2016 च्या दुष्काळात 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पाणी भरपूर, पण वाट पाहण्यात रात्र गेली. किती आलं आणि किती वेळानं आलं, ही मोजमापं वेगळी. स्पीड टेस्ट पहिलं ठळक दाखवते, दुसरं कोपऱ्यात बारीक अक्षरांत.

दुसरं मोजणारं साधन प्रत्येक लॅपटॉपमध्ये आहे: पिंग. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत नेटवर्क बिघडलं, तेव्हा माइक म्यूस यांनी ते एका रात्रीत लिहिलं. कॉलेजात त्यांनी सोनारचा, म्हणजे प्रतिध्वनीवरून वस्तू शोधण्याच्या तंत्राचा, अभ्यास केला होता. पाणबुडीच्या त्या ध्वनीचंच नाव त्यांनी प्रोग्रामला दिलं. हाक द्यायची, प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजायचा, बस! इतकं सुंदर काम, पण 2000 साली अपघातात गेलेल्या म्यूस यांचं नाव किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतं?

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पिंगचा स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवला, सही घेतली, की विषय मिटतो. खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी. आधी कागदावर गणित: काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुकुंदवाडीहून मुंबई रेल्वेनं साधारण 375 किलोमीटर. केबल रुळांलगत धरली, तर जाऊन-येऊन पावणेचार मिलिसेकंद. मुंबईतल्या सर्व्हरला पिंग करून पडद्यावर तीस दिसले, तर उरलेले गेले कुठे?

मग घरचा प्रयोग. पिंग चालू ठेवायचं आणि त्याच वाय-फायवरून दुसऱ्या मोबाइलनं मोठा व्हिडिओ अपलोड करायचा. बऱ्याच घरी तिसाचे बघता बघता तीनशे होतात! राउटरमध्ये डेटाची एक टाकी असते, तिला बफर म्हणतात. ती काठोकाठ भरली, की नवा थेंब जुन्या पाण्यामागे अडकतो. टाकी जितकी मोठी, तितकी वाट लांब. 2010 च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी घरच्याच इंटरनेटवर हा दोष पकडला आणि त्याला ‘बफरब्लोट’ नाव दिलं.

शेवटची पायरी मुलांना सर्वांत आवडेल अशी. राउटरमध्ये सोय असेल, तर अपलोडची मर्यादा लाइनच्या क्षमतेहून थोडी खाली आणायची. व्हिडिओ जरा सावकाश चढतो, टाकी तुंबत नाही आणि पिंग पुन्हा तिसाकडे उतरू लागतं.