अरणगावचं मौन, जगाची गाणी

१० जुलै २०२५ रोजी एका मौनाला शंभर वर्षं पूर्ण झाली. नगरहून दौंडकडे निघालं की शहर मागे पडताच अरणगावचं शिवार लागतं. तिथे १० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी बोलणं थांबवलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते बोलले नाहीत. आधी ते मुळाक्षरांच्या फलकावर बोट फिरवून सांगत. १९५४ मध्ये तो फलकही बाजूला ठेवला, मग उरल्या हातांच्या खुणा. लोकप्रिय संगीताच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या तारखा मोजताना ही तारीख कुणी धरत नाही. ती धरायला हवी, कारण रॉक आणि पॉपमधली काही अतिशय गाजलेली गाणी या न बोलणाऱ्या माणसापाशी येऊन पोहोचतात.

मेहेरबाबा मूळचे पुण्याचे. मेरवान शेरियार इराणी, जन्म २५ फेब्रुवारी १८९४, घराणं झरतुष्ट्री. १९१५ च्या डिसेंबरात तरुण मेरवान शिर्डीला गेले. तिथे साईबाबांनी त्यांच्याकडे पाहून ‘परवरदिगार’ असा उद्गार काढला, असं मेहेरप्रेमींच्या चरित्रग्रंथांत सांगितलं जातं. शिर्डीतल्या खंडोबाच्या देवळात तेव्हा उपासनी महाराज राहत होते. ते मेरवानचे गुरू झाले. पुढे साकोरीला त्यांच्या सहवासात काही महिने काढून, मुंबईत मुक्काम करून, १९२३ मध्ये बाबा शिष्यांसह अरणगावला आले. लष्कराने सोडून दिलेल्या छावणीच्या इमारती तिथे पडून होत्या. त्याच जागेचं मेहेराबाद झालं. शिर्डी, साकोरी, अरणगाव ही तिन्ही गावं एकाच जिल्ह्यातली.

हे सगळं लंडनच्या एका गिटारवाल्यापर्यंत कसं गेलं?

१९६० च्या दशकात पाश्चात्त्य तरुणाई एलएसडीच्या नादी लागली होती आणि त्या नशेलाच अध्यात्म समजत होती. मेहेरबाबांनी त्याला स्पष्ट विरोध केला. या द्रव्यांनी देव भेटत नाही, शरीर आणि मन मात्र बिघडतं, हे त्यांचं म्हणणं १९६६ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने पाश्चात्त्य देशांत पोहोचलं. ‘द हू’ या बँडचा गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंड याला १९६७ मध्ये चित्रकार मित्र माइक मॅकइनर्नी याच्याकडून बाबांविषयी कळलं. टाउनशेंडने ती द्रव्यं सोडली आणि बाबांना गुरू मानलं. दोघांची भेट कधीच झाली नाही.

मग आलं १९६९. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी नगरजवळच्याच मेहेराझाद या आश्रमात बाबांनी देह ठेवला, आणि पुढच्या चार महिन्यांच्या आत, मे महिन्यात, ‘द हू’चा ‘टॉमी’ हा दुहेरी अल्बम बाजारात आला. लहानपणी डोळ्यांसमोर घडलेल्या खुनाच्या धक्क्याने आंधळा, बहिरा आणि मुका झालेल्या मुलाची ही गोष्ट. रॉक ऑपेरा हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो प्रामुख्याने या अल्बममुळे. वेष्टणावरचं चित्र मॅकइनर्नीचं, आणि श्रेयनामावलीत अवतार म्हणून मेहेरबाबांचं नाव. बाहेरच्या जगाशी बोलणं तुटलेला, आत मात्र जागा असलेला नायक टाउनशेंडला सुचला, यामागे अरणगावच्या मौनाची सावली आहे असं मानायला पुष्कळ जागा आहे. ‘टॉमी’ची पन्नाशी २०१९ मध्ये झाली.

स्वतः मेहेरबाबांना संगीत मनापासून आवडे. गझल-कव्वालीवर त्यांचा जीव होता, आणि त्याच बरोबरीने कोल पोर्टरच्या ‘बिगिन द बिगीन’ या १९३५ च्या अमेरिकी गाण्यावरही. त्यांच्या इच्छेनुसार ती तबकडी समाधीच्या वेळी वाजवली गेली. ब्रॉडवेच्या नाटकातलं प्रेमगीत अरणगावच्या टेकडीवर, एका संताच्या अखेरच्या विधीत! पुढे टाउनशेंडनेही ते बाबांच्या स्मृतीसाठी काढलेल्या एका अल्बममध्ये गायलं. अमेरिकी गायिका मेलनी हिने १९७० च्या ‘कँडल्स इन द रेन’मध्ये बाबांचं नाव थेट घेतलं.

सगळ्यांत दूर गेलं ते ‘बाबा ओ’रायली’. ऑगस्ट १९७१ मध्ये आलेल्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बममधलं हे पहिलं गाणं. शीर्षकातले बाबा म्हणजे मेहेरबाबा आणि रायली म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली. एखाद्या माणसाची माहिती यंत्रात भरली तर त्यातून त्याचं संगीत निघेल का, या कल्पनेने टाउनशेंडला तेव्हा झपाटलं होतं. प्रत्यक्षात गाण्याच्या सुरुवातीची ती थुईथुई स्वरावली लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर वाजवलेली आहे. छोट्या स्वरसमूहांच्या आवर्तनांतून मोठी इमारत उभी करण्याची पद्धत रायलीची. हा रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे ज्या घराण्याचे सूर मिरजेत रुजले, तेच हे किराणा. म्हणजे एका इंग्लिश रॉक गाण्याच्या नावातली दोन्ही माणसं, एक पूर्णपणे आणि एक गुरूच्या नात्याने, आपल्या बाजूची. शीर्षकातले शब्द गाण्यात कुठेच येत नाहीत, त्यामुळे कोट्यवधी श्रोत्यांना बाबा कोण हे ठाऊकच नसतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात हे गाणं वाजलं, तेव्हाही ते किती जणांना ठाऊक असेल?

१९७२ मध्ये टाउनशेंड स्वतः मेहेराबादला येऊन समाधीचं दर्शन घेऊन गेला. त्याच वर्षी त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, त्यात ‘परवरदिगार’ नावाचं गाणं आहे. बाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या प्रार्थनेवर ते बेतलेलं आहे. १९१५ ला शिर्डीत उच्चारलं गेल्याचं सांगतात तेच संबोधन सत्तावन्न वर्षांनी लंडनच्या तबकडीवर छापलं गेलं.

शिर्डीचं स्वतःचं गाणं मात्र वेगळ्या वाटेने आलं, आणि त्याची सुरुवात पुन्हा नगरजवळच होते. दौंडच्याच लोहमार्गावरच्या अकोळनेरला ६ जानेवारी १८६८ रोजी गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांचा जन्म झाला. पोलिसात नोकरी, आणि ओढ तमाशाची. ते लावण्या रचत. साईबाबांच्या सांगण्यावरून नोकरी सुटली आणि लावणीकाराचे कीर्तनकार दासगणू झाले. अंगरखा-फेट्याचा थाट न करता, उघड्या अंगाने, हातात चिपळ्या घेऊन त्यांनी मुंबई-ठाण्याकडे साईंचं नाव नेलं. रेडिओ नव्हता, बोलपट नव्हते, तेव्हा साईबाबांच्या कीर्तीचं वाहन कीर्तन हेच होतं. फडातल्या रचनेची सवय दासगणूंना कीर्तनात कामी आली असणार. लोकांच्या ओठांवर काय बसतं हे तमाशाइतकं रोकडं कोण शिकवतं?

त्यांनी घातलेल्या पायावर १९७७ साल उभं राहिलं. २७ मे रोजी मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला. आनंद बक्षींचे शब्द, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची चाल आणि मोहम्मद रफींचा आवाज. साईंच्या देवळात कव्वाल अकबर, म्हणजे ऋषी कपूर, ‘शिर्डीवाले साईबाबा’ गातो आणि निरुपा रॉय यांनी साकारलेल्या आईची दृष्टी परत येते. हिंदू देवळात मुसलमान गायकाची कव्वाली हे शिर्डीच्या द्वारकामाईला साजेसंच होतं, कारण मशिदीत धुनी तेवत ठेवणाऱ्या फकिराचं हे गाव. त्याच वर्षी ‘शिर्डी के साईबाबा’ हा चित्रपटही आला आणि सुधीर दळवींचा चेहरा घरोघरी साईंचा चेहरा झाला.

अकरा वर्षांनी बॉबी मॅकफेरिनची पाळी आली. सॅन फ्रान्सिस्कोला टक अँड पॅटी या जॅझ जोडीच्या घरी त्याला भिंतीवर मेहेरबाबांचं एक पोस्टर दिसलं. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे बाबांचं वचन त्यावर होतं, आणि गाणं तिथून सुचलं. त्यात एकही वाद्य नाही. सगळे आवाज मॅकफेरिनने स्वतःच्या गळ्यातून काढून एकावर एक मुद्रित केले. २४ सप्टेंबर १९८८ ला ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. वाद्यांविना गायलेलं गाणं तिथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्याला ‘साँग ऑफ द इयर’सह ग्रॅमी पुरस्कार मिळाले. आजही हे गाणं सर्रास बॉब मार्लीच्या नावावर फिरतं, मार्ली १९८१ मध्येच वारला असूनही.

जिल्ह्यात या आठवणी आपापल्या जागी जपल्या जातात. मेहेराबादला दर ३१ जानेवारीच्या अमरतिथीला बारा ते सव्वाबारा मौन पाळतात, आणि त्या दिवसांत देशोदेशीचे लोक आपापल्या भाषांत गातातही. शिर्डीत आरत्या चालूच असतात. पण या गावांना आणि या गाण्यांना एका सूत्रात ओवणारा कार्यक्रम व्हायला हवा. २७ मे २०२७ ला रफींच्या त्या कव्वालीला पन्नास वर्षं होतील आणि २४ सप्टेंबर २०२८ ला मॅकफेरिनच्या विक्रमाला चाळीस. नगरच्या आकाशवाणी केंद्राने दोन्ही दिवशी एकेक तास द्यावा, आणि रफी, मॅकफेरिन, ‘बाबा ओ’रायली’ यांच्या आधी दासगणूंचं एखादं पद लावावं.