कराचीपासून मुंबई किती दूर?

उल्हासनगर स्टेशनावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या वृद्ध सिंधी गृहस्थास 'कराची येथून किती दूर?' असें विचारलें, तर तो क्षणभर थांबेल. भूगोलाचा विद्यार्थी थांबणार नाहीं. हवाई अंतर सुमारें 875 किलोमीटर, असें तो सांगेल. आणि त्याचें उत्तर बरोबरच असेल.

हें अंतर काढतांना डोंगर, नद्या, रूळ यांचा विचार नसतो. मात्र पृथ्वी गोल असल्यामुळें सपाट नकाशावर पट्टी ठेवूनही भागत नाहीं. शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर दोन गांवांमध्यें दोरा ताणून धरला, कीं तो ज्या वाटेनें बसतो तीच सर्वांत जवळची वाट. तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात.

अंतर ठरलें तरी वेळ ठरत नाहीं. जेट विमान ताशीं 800 किलोमीटरच्या आसपास जातें. परंतु धावपट्टीपर्यंत सरकणें, वर चढणें, खालीं उतरणें यांत कांहीं वेळ जातोच. वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यांत उत्तर भारतावर उंच आकाशांत पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, त्यामुळें दिल्लीहून कलकत्त्यास जातांना वेळ कमी लागतो व परततांना अधिक. हें सर्व धरून कराची-मुंबई हा सरळ प्रवास दीड ते पावणेदोन तासांचा होतो. बदलापूरच्या माणसास लोकलनें घाटकोपर व पुढें मेट्रोनें मुंबईचा विमानतळ गांठावयास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. एखादी गाडी चुकली तर अधिकच!

याच मार्गावर 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं टपालाच्या थैल्या घेऊन एक इंजिनाचें 'पस मॉथ' विमान कराचीहून मुंबईस आणलें. भारतांतील टाटांच्या हवाई टपालसेवेचा तो आरंभ. वाटेंत अहमदाबादेस उतरावयाचें असल्यानें मार्ग हजार किलोमीटरच्या वर गेला. सकाळीं निघालेलें विमान दुपारीं जुहूस उतरलें. पन्नास वर्षांनीं, 1982 मध्यें, वयाच्या 78 व्या वर्षीं त्यांनीं हेंच उड्डाण पुन्हां केलें.

1947 नंतर सिंधमधून निघालेल्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें कराची बंदरांतून आगबोटीनें मुंबईस आलीं. कल्याणजवळ महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकी रिकाम्या होत्या. तेथें त्यांची सोय झाली. त्या वस्तीस 8 ऑगस्ट 1949 रोजीं उल्हासनगर हें नांव मिळालें. बराकींत संसार मांडणाऱ्यांच्या मनांत अंतर होतें तें बोटीवर काढलेल्या दिवसरात्रींचें, किलोमीटरांचें नव्हे.

पुढें या दोन शहरांमध्यें विमानें सुरू झालीं, बंद पडलीं, पुन्हां सुरू झालीं. आज सरळ विमान नाहीं. व्हिसा हातीं असला, तरी कोणा नातवास आजोबांची गल्ली पाहावयाची झाल्यास दुबईचा वळसा घ्यावा लागतो. मुंबई ते दुबई सुमारें 1930 किलोमीटर, दुबई ते कराची सुमारें 1190. मिळून 3120, म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीन पट. दोन उड्डाणांचे पांच तास, शिवाय मध्यें दुबईस बसून राहावयाचे ते निराळेच. पृथ्वीच्या गोलावरचा दोरा मात्र 1932 मध्यें होता तेवढाच आहे.