शेततळ्याच्या कागदाचा जोड

पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंड हे दौंड तालुक्यातील गाव. तेथील व्हिक्टोरिया तलाव आणि खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन हे या पट्ट्यातील शेतीचे जुने आधार असले, तरी दोन आवर्तनांमधला खंड उसाला आणि फळबागेला सोसत नाही, आणि म्हणूनच शेतकऱ्याला स्वतःच्या रानात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे हवेसे वाटते. राज्य शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होते. त्यात २० लाख लिटरांच्या आसपास पाणी मावते. एवढे पाणी ज्याच्या भरवशावर राहते तो कागद बहुधा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि ठरावीक रुंदीच्या गुंडाळ्यांतून येतो, त्यामुळे तळ्याचे अस्तर पट्ट्याला पट्टा जोडूनच तयार होते.

हा जोड गोंदाने साधत नाही, कारण पॉलिथिलीनच्या गुळगुळीत पृष्ठभागाला गोंद धरत नाही. मात्र तापवल्यावर मऊ होणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होणारे, म्हणजेच उष्णतामृदू, असे हे प्लॅस्टिक असल्याने दोन थरांचे पृष्ठभाग एकाच वेळी वितळवून दाबले, की त्यांतील लांबच लांब रेणू एकमेकांत गुंततात आणि निवल्यावर तेथे दोन थर उरत नाहीत. लांब सरळ जोडांसाठी चाकांवर चालणारे यंत्र वापरतात; कोपरे, नळाची तोंडे आणि ठिगळे यांसाठी मात्र हातातली हॉट एअर गन लागते. तिच्यातील पंखा हवेला तापलेल्या तारेवरून ढकलतो आणि चपट्या नोझलमधून झोत बाहेर पडतो. उच्च घनतेचे पॉलिथिलीन सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते, परंतु हवा उष्णता सावकाश देते आणि कागद झोताखाली क्षणभरच राहतो, म्हणून झोताचे तापमान त्याच्या दुपटीहून अधिक ठेवावे लागते.

उष्णता, दाब आणि वेग या तिन्हींचा मेळ बसला तरच जोड टिकतो, आणि तो मेळ यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कारागिराच्या हातात अधिक असतो. उजव्या हातातले नोझल दोन थरांच्या फटीत पुढे सरकते आणि डाव्या हातातला सिलिकॉनचा रोलर त्याच्या मागोमाग, बोटभर अंतरावरून फिरतो; रोलर मागे पडला तर पृष्ठभाग निवून जातो, घाई झाली तर वरून चिकटलेला दिसणारा जोड आतून सुटा राहतो, आणि हात रेंगाळला तर कागद आक्रसून कडेला पातळ होतो. हाच खरा धोका होय, कारण पातळ झालेली कड पाण्याच्या भाराने पुढे कधीतरी फाटते. वारा सुटल्यावर झोत विखुरतो, आणि भर दुपारी कागद ताणून जोडला तर रात्रीच्या गारव्यात तो आखडून जोडावर ओढ देतो. म्हणून कागदाला ढील ठेवावी लागते आणि कामाला सकाळची वेळ चांगली.

जोड सजातीय प्लॅस्टिकांचाच होतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला सारखी आणि दोन्ही पाण्यावर तरंगणारी असली, तरी ती एकमेकांत मिसळत नाहीत. पीव्हीसी पाण्यात बुडते, आणि ते जास्त तापले तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो, म्हणून ते काम उघड्यावर करावे. जाड पत्र्याला किंवा फुटलेल्या टाकीला इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच पाडून, त्याच प्लॅस्टिकची कांडी गरम हवेने वितळवत खाचेत भरतात.

जुन्या तळ्याची दुरुस्ती नव्या जोडणीहून अवघड, कारण उन्हाने आणि हवेतील प्राणवायूने कागदाचा वरचा थर निबर झालेला असतो. शेवाळ धुऊन, भाग कोरडा करून आणि तो थर खरवडूनच ठिगळ लावावे लागते. ठिगळाचे कोपरे गोल कापतात, ते फाटलेल्या जागेपलीकडे चारही बाजूंनी वीतभर घेतात आणि रोलर मधून कडेकडे फिरवून आतली हवा बाहेर काढतात. जोड पूर्ण निवल्यावर बोथट टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर कडेकडेने दाबत नेला जातो. टोक जिथे आत शिरेल तिथे खडूची खूण होते, आणि त्या खुणेवर पुन्हा झोत व रोलर फिरल्याखेरीज तळ्यात पाणी सोडले जात नाही.