गोदामाचं आवार: झाडं लावायची एका दिवशी, जगवायची बारा महिने



आजचा संदेश पिकावरचा नाही, आणि जरा लांबही आहे. रात्री जेवणं झाल्यावर सवडीने वाचा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आपल्या केंद्रावर हरभऱ्याची खरेदी चालू होती. गेटपासून थेट रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेले, ऊन तर असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. एक मामा ऊन चुकवायला स्वतःच्याच ट्रॉलीखाली आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. रांग पुढं सरकली, पोराने ट्रॅक्टर चालू केला. मागच्या माणसाने ओरडून थांबवलं म्हणून निभावलं. मामा बाहेर आले, धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "साहेब, एवढं मोठं गोदाम बांधलाव, एक लिंबाचं झाड लावता आलं नाही का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण झाडं लावली होती. गेल्या जूनमध्ये आपण ४० रोपं लावली, फोटोही तुम्हाला पाठवले होते. आज त्यातली ९ उरलीत. खड्डे लावायच्या दिवशीच खोदले, तेही हातभर. काळ्या मातीत पाणी साचून काही सडली, काही शेळ्यांनी खाल्ली, बाकीची दिवाळीनंतर पाण्यावाचून वाळली. चूक माझीच. लावायचं नियोजन केलं, जगवायचं केलं नाही.

म्हणून या वेळी वर्षभराचा हिशोब मांडतोय. आपल्यापैकी कोणाचा ढाबा आहे, कोणाचं मंगल कार्यालय, कोणी जिनिंगवर नाहीतर पेट्रोल पंपावर बागेचं काम घेतलंय. सगळ्यांना उपयोगी पडेल.

*आधी लॉनचा हिशोब*

आवार म्हटलं की लोकांना पहिलं लॉन आठवतं. आपल्याकडं मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायचं तर दर चौरस मीटरला दिवसाला निदान ६ लिटर पाणी धरा. म्हणजे १००० चौरस फुटाला रोज साडेपाचशे लिटरच्या वर. महिन्याला झालं सोळा-सतरा हजार लिटर. एवढ्या पाण्यात ठिबकवर किती झाडं जगतील, तुम्हीच सांगा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते विसरायला नको. मंगल कार्यालयाला लग्नसराईपुरतं लॉन लागतं हे मान्य. मग ते लहान ठेवा, हरळीचं ठेवा, आणि बाकी जागेत सावली करा.

*मे: खड्ड्यांचा महिना*

खड्डे आत्ताच खोदा. मोठ्या झाडाला ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल. उन्हात तापू द्या. नंतर चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरा. भारी काळी माती असेल तर भरताना जमिनीच्या वर थोडा उंचवटा ठेवा, म्हणजे बुडाशी पाणी तुंबणार नाही.

मोठं झाड भिंतीपासून २० ते २५ फूट लांब पाहिजे. आपली माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुळांनी पायाजवळची ओल ओढली की भेगा वाढतात, भिंतीला तडे जातात. विजेच्या तारांखाली मोठं झाड नकोच. तिथं कांचन, आपटा असली मध्यम झाडं लावा. गेटजवळ नि रांगेच्या कडेला लिंब, करंज, शिरीष. शोभेला बहावा, ऐन उन्हाळ्यात पिवळाधम्मक होतो.

पेट्रोल पंपावर आणि हॉटेलांसमोर कुंपणाला कोनोकार्पस लावायची पद्धत पडलीय. दिसायला हिरवागार, पण गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं पाइपलाइन आणि गटारात शिरतात, फुलोऱ्याच्या परागाने काहींना त्रास होतो अशा तक्रारी आहेत. आपण त्या वाटेला जायचं नाही.

*जून ते सप्टेंबर: गवत आणि भुंगेरे*

पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे लिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. फांद्या हलवून पाडा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. आवारातल्या झाडावरचा भुंगेरा अंडी घालायला शेजारच्या शेतातच जातो.

गाजर गवत ओल असताना, फुलं यायच्या आत उपटा. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. अंगाला खाज आणि दमा दोन्ही होतो. फुलायच्या आधी उपटलेल्याचं कंपोस्ट करता येतं. पानं खाणारे मेक्सिकन भुंगे दिसले तर ते आपले मित्र आहेत, फवारून मारू नका. या गवतावर आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण वाढतो आणि तिथून कपाशीवर जातो, तेही लक्षात ठेवा.

गोदामाच्या भिंतीलगत ३ फुटांचा पट्टा अगदी मोकळा ठेवा. तिथं झुडूप नको, वेल नको, पोत्यांचा ढीग नको. गवत असलं की उंदीर आलेच, आणि भिंत ओली राहिली की आतल्या सोयाबीनला ओल लागलीच.

पत्र्याचं पाणी वाया घालवू नका. १००० चौरस फूट पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ९ हजार लिटर पाणी होतं. पन्हळ लावून टाकीत घ्या, नाहीतर झाडांच्या ओळीजवळ शोषखड्ड्यात सोडा.

*तणनाशकाबद्दल हात जोडून सांगतो*

गेल्या ऑगस्टमध्ये एका आवारात कंत्राटी माणसाने टू-फोर-डी फवारलं. वारा होता. शेजारी आपल्या एका सभासद ताईची कपाशी होती. आठ दिवसांत पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, शेंडे वाकडे. ताई म्हणाल्या, "सर, रोग कोणताय?" रोग नव्हता, आवाराची स्वच्छता होती. कपाशीला या औषधाचा नुसता उडता अंशही पुरतो. शेजारी कपाशी असेल तर आवारात हे औषध वापरायचंच नाही. खुरपं आणि ग्रासकटर पुरेसं आहे. आणि तणनाशकाचा पंप कपाशीवर तर कधीच नको.

*ऑक्टोबर ते जानेवारी: आळं आणि आच्छादन*

झाडं मरतात ती इथं. पाऊस गेला, रान हिरवं दिसतं, आणि आपण सुगीत गुंततो. पावसाळा संपताच आळी करा आणि सोयाबीनच्या भुसकटाचं ३-४ इंच आच्छादन टाका. मात्र ते खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. लहान रोपाजवळ एक मडकं पुरा, बुडाला बारीक छिद्र पाडून वात घाला. आठवड्यातून दोनदा भरलं तरी रोप तग धरतं.

*फेब्रुवारी ते एप्रिल: आग आणि अळी*

वाळलेलं गवत मार्चच्या आत काढा. ते पेटवून नाही, कापून. गोदाम आणि जिनिंगच्या आवारात एक ठिणगी बास होते.

जिनिंगवाल्यांनी आणखी एक करायचं. हंगाम संपला की कवडी कापूस, सरकी आणि कचरा आवारात पडू देऊ नका. त्यातली गुलाबी बोंडअळी कोषात जाते आणि पतंग पुढं आपल्याच कपाशीवर येतात. आवारात कामगंध सापळे लावा आणि त्यातले पतंग वेळच्या वेळी नष्ट करा.

पावसाळ्याआधी झाडांच्या खोडाला २-३ फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. तारांना लागलेली फांदी स्वतः तोडू नका, महावितरणला कळवा. शहरात अख्खं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे नगरपालिकेची किंवा महापालिकेची परवानगी लागते.

*काम घेणाऱ्या पोरांसाठी*

वर्षाचं काम घेताना तोंडी बोलू नका. पाणी कोण देणार, महिन्यातून किती फेऱ्या, मेलेलं झाड कोणाच्या खर्चाने, औषध कोणतं वापरायचं नाही, एवढं कागदावर घ्या. पैसे महिन्याला घ्या. सगळे पैसे जूनमध्ये मिळाले की एप्रिलमध्ये झाडाकडं कोणी फिरकत नाही, हा माझाच अनुभव समजा.

*आपल्या केंद्राचं*

या जूनला ४० नाही, १२ च झाडं लावणार आहोत. प्रत्येक झाडाला एक सभासद, त्याचं नाव केंद्राच्या फळ्यावर. कोणाला घ्यायचंय त्यांनी उलट मेसेज करावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः झाडं मोजून आकडा तुम्हाला कळवीन, कमी झाला तरी कळवीन.

पण झाडाची सावली यायला चार-पाच वर्षं जातील. तोवर रांगेच्या बाजूला शेडनेट बांधावं आणि पाण्याचा माठ ठेवावा, असं मी संचालकांना लेखी दिलंय.

आणि ट्रॅक्टरवाल्या सगळ्या भावांना विनंती: रांगेत असताना चावी मारायच्या आधी खाली उतरा आणि ट्रॉलीखाली एकदा वाकून बघा.

आपला,
कृषी सल्लागार